गिळलेली गोळी जाते कुठे?

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारपेठेत सायंकाळी एखाद्या औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर एक व्यवहार हमखास दृष्टीस पडतो : गिऱ्हाईक लघवीच्या जळजळीची किंवा बिघडलेल्या पोटाची तक्रार सांगते, दुकानदार खणातून सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा चंदेरी पत्ता काढतो, दहापैकी चार गोळ्या कात्रीने कापून कागदी पाकिटात घालतो आणि उरलेला तुकडा पुढच्या गिऱ्हाइकासाठी परत खणात ठेवून देतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून असे औषध देण्यास कायद्याची मनाई आहे. पण तो मामला तूर्त बाजूला ठेवू. ५०० मिलिग्रॅमची गोळी पोटात गेली, दोन-तीन दिवसांत माणूस उठून कामाला लागला, आणि 'औषध लागू पडले' एवढे म्हणून घरच्यांनी विषय संपवला, तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो फारसा कोणी विचारत नाही : त्या गोळीचे पुढे काय झाले?

अन्न पचते तसे औषधही पचून जात असावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या बाबतीत ती निम्म्याहून अधिक खरी नाही. तोंडावाटे घेतलेल्या मात्रेपैकी सुमारे ४० ते ५० टक्के औषध मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते, आणखी काही भाग विष्ठेवाटे जातो, आणि हे सारे गटारात उतरते. उत्तर नागपूरच्या या भागाचा उतार पिवळी नदीकडे आहे, जिला बरेच नागपूरकर पिली नदी म्हणतात. गोरेवाडा तलावाकडून येणारी ही नदी पुढे नाग नदीला मिळते, नाग कन्हानला, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. आणि वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात नागपूरचे सांडपाणी, प्रक्रिया झालेले आणि न झालेलेही, अखेर जाऊन थांबते.

या प्रवासात मौजेची गोष्ट अशी, की सांडपाणी स्वच्छ करण्याचे काम जगभर मुख्यतः जिवाणूंवरच सोपवलेले असते. म्हणजे जिवाणूंना मारण्यासाठी घडवलेले औषध आपण रोज थोडेथोडे करून जिवाणूंच्याच राज्यात नेऊन ओततो. औषधाची मात्रा तेथे अतिशय विरळ, लिटरमागे ग्रॅमच्या दशलक्षांश हिश्शाने मोजण्याजोगी असल्यामुळे ते राज्य बुडत नाही. परंतु औषधही तेथून जसेच्या तसे निघून जात नाही. जिवाणू आणि बुरशी त्यात फेरफार करतात. ते फेरफार कोणते, आणि झालेला प्रत्येक फेरफार आपल्या हिताचाच असतो काय, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

ओळख नसलेला पाहुणा

पेनिसिलिन हे मूळचे बुरशीचे, स्ट्रेप्टोमायसिन मातीतील एका जिवाणूचे. अशा नैसर्गिक प्रतिजैविकांचा आणि सूक्ष्मजीवांचा परिचय मानवजातीहून कितीतरी जुना आहे. म्हणूनच पेनिसिलिन रोग्यांना सर्रास मिळू लागण्यापूर्वीच, १९४० साली, एब्रहॅम आणि चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांना ते निकामी करणारे विकर जिवाणूंत सापडले होते. विकर म्हणजे सजीवाने घडवलेले असे प्रथिन, की जे एखादी ठरावीक रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणते आणि स्वतः मात्र त्यात खर्ची पडत नाही.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोष्ट निराळी. ते ज्या क्विनोलोन कुळातले आहे, त्याचे मूळ क्लोरोक्विन या हिवतापावरील औषधाच्या निर्मितीत निघालेल्या एका उपपदार्थात आहे. त्यावरून नॅलिडिक्सिक आम्ल तयार झाले, त्याची वार्ता १९६२ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे त्याच सांगाड्यावर फ्लोरिनचा अणू बसवून नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रभावी भावंडे जन्माला आली. हे संपूर्ण कुळ प्रयोगशाळेत घडलेले, म्हणजे संश्लेषित आहे. जिवाणूंच्या वंशाला त्याची पूर्वओळख असण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे ते मोडण्याचे साधन जिवाणूंपाशी असणार नाही, असा तर्क पुष्कळांनी केला होता, आणि तो वरवर बिनतोडही वाटत होता.

तो तर्क टिकला नाही, कारण विकरे आपण समजतो तितकी काटेकोर नसतात. एका कामासाठी घडलेले विकर, साधारण तशीच ठेवण असलेला दुसरा रेणू समोर आला, तर त्यावरही हात चालवून पाहते. पुष्कळदा काही घडत नाही, क्वचित घडते. लाखो कोटींच्या संख्येने वाढणाऱ्या जिवाणूंना ते क्वचित घडणेही पुरेसे असते.

शिंगांना शेंब्या

विदर्भातील वाचकाला पोळ्याच्या बैलाची आठवण करून देतो. सजवलेल्या बैलाच्या शिंगांच्या टोकांवर पितळी शेंब्या चढवलेल्या असतात. बैल तोच, त्याचे बळ तेच. फक्त टोक झाकले गेल्यामुळे शिंग खुपसणे त्याला जड जाते. सूक्ष्मजीव औषधाला निष्प्रभ करताना वापरत असलेल्या युक्त्यांपैकी सर्वांत स्वस्त युक्ती नेमकी हीच आहे : रेणू मोडायचा नाही, त्याच्या मोक्याच्या टोकावर अणूंचा एक लहानसा गट चढवून द्यायचा.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या रेणूत एकमेकांना चिकटलेली दोन वलये मध्यभागी असतात, आणि त्यांच्या एका अंगाला पिपरॅझिन नावाचे तिसरे वलय जोडलेले असते, ज्याच्या दूरच्या टोकाशी नायट्रोजनचा एक अणू मोकळा असतो. जिवाणूच्या पेशीत डीएनएच्या लांबलचक धाग्याचे पीळ सोडवणारे गायरेज नावाचे विकर असते. औषध त्या विकराला आणि डीएनएला एकत्र जखडून टाकते, आणि धागा तुटलेल्या अवस्थेतच राहून जिवाणू मरतो. आता ज्या विकराने शेंबी चढवली, त्याची कथा ऐकावी. कॅनामायसिन, टोब्रामायसिन या अगदी वेगळ्या कुळातील औषधांवर ॲसिटिल गट चढवणारे एक विकर जिवाणूंपाशी आधीपासून होते. त्या विकराच्या शेकडो दुव्यांच्या साखळीत अवघे दोन दुवे बदलले, आणि ते सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या त्या मोकळ्या नायट्रोजनवरही ॲसिटिल चढवू लागले. हा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला. या एका विकरामुळे जिवाणू अजिंक्य होतो असे नाही. त्याला मारण्यास लागणारी मात्रा तीन-चार पटीने वाढते इतकेच. पण अर्धवट घेतलेल्या औषधातून निभावून जाण्यास तेवढी सवलत पुरते, आणि निभावलेल्या जिवाणूंत पुढे याहून पक्का बंदोबस्त करणारे बदल रुजण्यास अवसर मिळतो.

लेव्होफ्लॉक्सॅसिन हे याच कुळातील औषध घ्या. त्यात तोच नायट्रोजन आधीच एका मिथिल गटाने व्यापलेला असतो; तेथे दुसरे काही चढवण्यास जागा नाही, आणि हे विकर त्यापुढे हतबल ठरते. एका अणूच्या मोकळेपणाने दोन सख्ख्या औषधांच्या नशिबात एवढा फरक पडावा, हे मला या संपूर्ण विषयातील सर्वांत विलक्षण वाटते.

रुग्णालयात ज्या क्रियेला आपण प्रतिकार म्हणून घाबरतो, तीच क्रिया मातीतील निरुपद्रवी बुरशीही करते, आणि तेथे आपण तिला शुद्धीकरण म्हणून गौरवतो. म्यूकर कुळातील एक बुरशी आणि पानांवर वाढणारी पेस्टॅलोशियॉप्सिस नावाची दुसरी, या दोघी प्रयोगशाळेत याच औषधावर हाच ॲसिटिल गट चढवताना आढळल्या आहेत.

| चौकट : चार पारिभाषिक शब्द |
|---|
| ॲसिटिल गट : कार्बनचे दोन, हायड्रोजनचे तीन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला लहान गट, व्हिनेगरमधील आम्लाशी त्याचे जवळचे नाते. क्षपण : रेणूला इलेक्ट्रॉन मिळणे, प्राणवायू नसलेल्या जागी, म्हणजे आतड्यात किंवा चिखलात, ही क्रिया सहज घडते. ऑक्सिडीकरण : याच्या उलट, हवेशीर टाकीत अधिक घडते. सहचयापचय : जिवाणू आपले नेहमीचे अन्न खात असताना त्याच विकरांनी, स्वतःला काही लाभ नसताही, दुसरा एखादा पदार्थ बदलून टाकतो, ती क्रिया. |

लाल रंगाचे कोडे

सूक्ष्मजीवांनी केलेला फेरफार नेहमी औषधाच्या विरोधातच जातो, असे मात्र कोणी समजू नये. संश्लेषित जिवाणुनाशकांच्या इतिहासाचा आरंभच याच्या उलट उदाहरणाने झाला आहे.

जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली प्रॉन्टोसिल नावाच्या एका लाल रंगद्रव्याची करामत जाहीर केली. जिवाणूंची बाधा झालेले उंदीर त्याने वाचत. परंतु तेच जिवाणू काचेच्या नळीत घेऊन त्यावर प्रॉन्टोसिल टाकले, तर त्यांचे काहीच बिघडत नसे. जिवंत शरीरात तारक आणि नळीत कुचकामी, हा प्रकार काय असावा? उत्तर त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आले. प्रॉन्टोसिलच्या मध्यभागी नायट्रोजनच्या दोन अणूंमधला एक जोड असतो, ज्याला ॲझो बंध म्हणतात. शरीरात तो तुटतो आणि सल्फॅनिलामाइड नावाचा रंगहीन पदार्थ मोकळा होतो. खरे औषध तोच. तो पदार्थ १९०८ पासूनच रसायनशास्त्राच्या दप्तरात नोंदलेला होता, त्याच्या स्वामित्वाची मुदतही उलटून गेली होती, त्यामुळे तो कोणीही बनवू शकत होता.

तो बंध तोडण्याच्या कामातील मोठा वाटा आतड्यातील जिवाणूंचा असतो, हे पुढे कळले. म्हणजे जिवाणूंच्या एका जमातीने औषधावरील आवरण काढले आणि दुसरी जमात त्याने मारली गेली. हा केवळ जुना इतिहास नव्हे. मोठ्या आतड्याच्या दाहावर आणि संधिवातावर आजही दिल्या जाणाऱ्या सल्फासॅलॅझिनची सारी योजना याच ॲझो बंधावर आधारलेली आहे. मेट्रोनिडॅझोलची रीतही याच जातीची : प्राणवायूवाचून जगणारा जिवाणू त्या रेणूवरील नायट्रो गटाचे क्षपण करतो आणि त्यातून निघालेला उतावळा तुकडा त्याच जिवाणूच्या डीएनएचा नाश करतो. मात्र काही जिवाणूंनी, त्या घातक पायरीवर न थांबता नायट्रो गट थेट निरुपद्रवी अमिनो गटापर्यंत नेण्याची तजवीज केलेली आढळते.

अहवालातील ऋण टक्के

आता गटाराकडे परतू. सेप्ट्रानसारख्या गोळ्यांत दोन संश्लेषित औषधे एकत्र असतात, सल्फामेथॉक्सॅझोल आणि ट्रायमेथोप्रिम. पैकी पहिल्यावर आपले यकृतच ॲसिटिलची शेंबी चढवते, आणि औषधाचा बराच मोठा भाग अशा झाकलेल्या, जिवाणूंवर निष्प्रभ रूपात मूत्रावाटे जातो. पण सांडपाण्यातील जिवाणूंपाशी ॲसिटिल गट काढून टाकणारी विकरे भरपूर असतात. त्यांनी शेंबी उतरवली, की मूळचे सल्फामेथॉक्सॅझोल पुन्हा पूर्ववत उभे राहते. परिणामी काही सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या मोजणीत असे आढळले, की आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यातच मूळ औषध अधिक होते, आणि शुद्धीकरणाच्या रकान्यात ऋण टक्के लिहिण्याची पाळी आली. औषध कोठून निर्माण झाले नव्हते. ते आधीही होतेच, फक्त मोजणाऱ्याने झाकलेले रूप हिशेबात धरले नव्हते.

म्हणूनच 'अमुक औषध ९० टक्के नाहीसे झाले' अशा वाक्यावर मी एकदम विश्वास ठेवत नाही. मूळ रेणू सापडला नाही याचे अर्थ किमान चार होऊ शकतात : तो समूळ मोडला, त्यावर काही चढले, जे पुढे उतरू शकते, त्याचा थोडा भाग तुटून उरलेला अजून प्रभावी आहे, किंवा तो मुळी बदललाच नाही, गाळाला जाऊन चिकटला. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि त्याची भावंडे या चौथ्या प्रकारात फार मोडतात. हवा फुंकलेल्या टाकीतील तपकिरी पाणी लिटरभर उभ्या काचपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवले, तर पुंजक्यांचा गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहते. केंद्रावरचा कर्मचारी ही चाचणी नित्य करतो. वरच्या पाण्यात औषध कमी भरते, याचे मुख्य कारण ते खालच्या गाळात बसलेले असते. तो गाळ वाळवून शेतात घातला, तर औषधाची रवानगी पाण्याऐवजी जमिनीकडे झाली, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या औषधांत मिळते. त्यांना दिल्या जाणाऱ्या एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या टोकाशी एक इथिल गट असतो. जनावराच्या यकृताने तो काढला, की हाती येते ते सिप्रोफ्लॉक्सॅसिनच, म्हणजे माणसाचे औषध.

खरोखर मोडणारे

असे असले तरी रेणू खरोखर मोडणारेही आहेत. लाकूड तपकिरी करून कुजवणारी ग्लीओफायलम नावाची बुरशी पेशीबाहेर लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयोगातून अत्यंत तीव्र हायड्रॉक्सिल कण निर्माण करते. ते लाकडासाठी घडवलेले असतात, आणि वाटेत येईल त्या रेणूवर निवड न करता तुटून पडतात. जर्मनीत १९९०च्या दशकात किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेले फ्लोरोक्विनोलोन या बुरशीला देण्यात आले, तेव्हा ती खूण पुढे कार्बन डायऑक्साइड वायूत आढळली. म्हणजे औषधाची वलये फुटून त्यांचा शेवट झाला होता.

जिवाणूंत मायक्रोबॅक्टेरियम कुळातील एक वाण सल्फामेथॉक्सॅझोलवर निराळाच डाव टाकतो. रेणूचे दोन भाग जेथे सांधलेले असतात, नेमक्या त्याच कार्बनवर तो ऑक्सिजन बसवतो, आणि सांधा आपोआप निखळतो. एक तुकडा तो खाऊन टाकतो, दुसरा आयसॉक्सॅझोलचा तुकडा त्याला खाता येत नाही, तो पाण्यात तसाच राहतो. ट्रायमेथोप्रिमच्या बाबतीत, अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनी समृद्ध झालेला गाळ अधिक कामाचा ठरतो, आणि तेथे सहचयापचयाचा भाग मोठा असावा असे मानतात. हे जिवाणू सावकाश वाढतात. म्हणून ज्या केंद्रात गाळ अधिक दिवस टाकीत मुरू दिला जातो, तेथे त्यांना जम बसवता येतो. नगरपालिकेच्या अभियंत्याला यात करण्यासारखे काही असेल, तर ते प्रामुख्याने हेच.

पिंपरीत कामाला लावलेला जिवाणू

महाराष्ट्रात औषधाच्या रेणूवर सूक्ष्मजीवांकडून शस्त्रक्रिया करवून घेण्याची विद्या गटारापुरती राहिलेली नाही, हे सांगायला हवे. १९५४ साली पिंपरीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन होऊ लागले. आणि पेनिसिलिनपासून ॲम्पिसिलिनसारखी नवी औषधे बनवायची, तर मूळ रेणूची एक बाजूची शाखा नेमकी छाटावी लागते. रसायनांनी ती छाटायची म्हणजे शून्याखाली सुमारे ४० अंश थंडी आणि पाण्याचा लवलेश नसलेली द्रावणे हवीत. पेनिसिलिन ॲसायलेज हे जिवाणूचे विकर तेच काम साध्या पाण्यात, आपल्या अंगाएवढ्या उष्णतेत करते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पिंपरीचा कारखाना या दोन्ही ठिकाणी या विकरावर पुष्कळ काम झाले.

भांडेवाडी आणि पाटणचेरू

नागपूरला या प्रश्नाचा अभ्यास परका नाही. १९५८ साली येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था निघाली, तिचे १९७४ साली नाव बदलले आणि आज तिला सर्व जण नीरी म्हणतात. तिने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती खडीच्या वाफ्यांत लावून त्यांतून सांडपाणी संथपणे नेतात. मुळांलगत प्राणवायू असतो, मुळांपासून दूर नसतो. त्यामुळे ऑक्सिडीकरण आणि क्षपण या दोन्ही तऱ्हांच्या क्रियांना एकाच वाफ्यात जागा मिळते. शिवाय शहरातील भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्रात प्रक्रिया केलेले पाणी, दररोज १३ कोटी लिटर क्षमतेच्या योजनेद्वारे, कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवण्याची व्यवस्था झाली. त्या पाण्यात औषधाचा अंश राहिला, तरी निदान तो शेताच्या पाटात किंवा पिण्याच्या विहिरीत शिरत नाही, हा त्या योजनेचा फारसा न बोलला गेलेला गुण म्हणावा लागेल.

नागपूरच्या गटारातील औषध रोग्यांच्या देहातून आलेले आणि म्हणून विरळ. जेथे औषधे तयार होतात तेथील स्थिती वेगळी असते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते इतके चढत नाही. अशा पाण्यात राहणाऱ्या जिवाणूला शेंबी चढवण्याचे विकर असणे हा पोटापाण्याचा नव्हे, जिवाचाच प्रश्न होतो, आणि ज्या जनुकामुळे ते विकर बनते ते जनुक शेजारच्या जिवाणूला देण्याची सोयही जिवाणूंपाशी असते.

फ्लोराईडची साक्ष

मग औषध खरोखर मोडले की नुसते झाकले, हे ठरवायचे कसे? सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुरती एक चोख कसोटी आहे. त्यातील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध अतिशय बळकट असतो. ॲसिटिल चढले काय किंवा कडेचे वलय उघडले काय, तो सहसा हलत नाही. तेव्हा पाण्यात सुटा फ्लोराईड उतरू लागला, तर रेणूच्या गाभ्यावर घाव बसला असे समजावे. पोर्तुगालच्या मातीतून मिळालेला लॅब्रिस नावाचा एक जिवाणू फ्लोरोक्विनोलोनमधून असा फ्लोराईड सोडवतो, हे याच मार्गाने सिद्ध झाले.

विदर्भात या कसोटीला एक स्थानिक अडचण आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक विहिरींच्या पाण्यात फ्लोराईड मुळातच लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे असतो. उलट एक मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सॅसिन पूर्ण मोडले, तरी त्यातून सुमारे ०.०६ मिलिग्रॅमच फ्लोराईड निघणार, आणि नदीत तर औषध मिलिग्रॅमच्याही हजाराव्या हिश्शांनी मोजावे लागते. म्हणून हा प्रयोग नदीच्या पाण्यात करून भागत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात, तोलून घातलेल्या क्षारांत आणि नदीतल्यापेक्षा शेकडो पट औषध टाकून तो करावा लागतो. एवढ्या सुबत्तेत जिवाणू जे करून दाखवतो, ते पिवळी नदीतील लवमात्र औषधावर करील काय, याचा निकाल लावण्यासाठी मग पुन्हा किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेल्या औषधाकडेच वळावे लागते. आणि ते औषध महाग असते.